दोनदा हरावं लागतं

मुलाचा संघ हरला म्हणून पेढे वाटणारा बाप अबू धाबीच्या खलिफा सिटीत मी एकटाच असेन.

मुलगा अमेरिकेत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिथे बेसबॉल खेळतो. पूर्वी आमच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने लोकांच्या गाड्यांना पोचे पाडायचा, तेच आता गणवेश घालून. त्यांच्या भागातल्या कॉलेजांची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली होती. संघ बाद झाला, तर नोकरी सुरू होईपर्यंतचे दिवस तो घरी काढणार होता. करंडक जिंकला, तर पुढची फेरी आणि तिथून परस्पर नोकरीवर. बायको तिच्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेलेली. एवढ्या मोठ्या घरात मी आणि एसी. त्यातल्या त्यात एसी जास्त बोलायचा.

पहिलाच सामना ते हरले. हरला की खलास, एवढंच मला ठाऊक. मी त्याच्या खोलीतली चादर बदलली, सुरमई आणली आणि पेढे घेऊन शेजारच्या मल्याळी गृहस्थांकडे गेलो.

"बेटा जीत गया?" त्यांनी विचारलं.

"घर आ रहा है," मी म्हणालो, आणि त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

हे बायकोला कळवलं, तर तिची व्हॉइस नोट आली. "अहो, पोरगं तिकडे रडकुंडीला आलं असेल आणि तुम्ही पेढे कसले वाटताय?"

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी आवाजात भरपूर दुःख ओतलं. हौशी नाटकात कामं केली आहेत, जमतं.

"वाईट झालं रे. बरं, तिकीट कधीचं काढू?"

"व्हॉट तिकीट, बाबा? इट्स डबल एलिमिनेशन. यू हॅव टु लूज ट्वाइस."

"दोनदा हरावं लागतं?"

"येस. वी प्ले अगेन टुमॉरो."

दुसऱ्या दिवशी त्यांची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. ऑफिसातून आल्या आल्या सामना टीव्हीवर लावला आणि सोफ्यावर बसून समोरच्या संघाला मनापासून आशीर्वाद दिले. ते लागूही पडत होते. शेवटच्या डावात आमचे एका धावेने मागे, दोन गडी बाद, दोन खेळाडू धावायला उभे, आणि फलंदाजीला आमचे चिरंजीव. दोन चेंडू हुकलेले. तिसरा हुकला की सामना संपला आणि पोरगा घरी.

पुढचा चेंडू बॅटची कड घेऊन मागे गेला. क्रिकेटमध्ये चौकार मिळाला असता. इथे त्याचं काहीच होत नाही, धाव नाही की बाद नाही, पुन्हा खेळायचं. पुन्हा कड. पुन्हा मागे. कॅमेरा लांब होता, पण हेल्मेट खाली ओढायची त्याची सवय मला ओळखता येत होती. किती चेंडू त्याने असे परतवले कोण जाणे. मी सोफ्यावरून कधी उठलो, टीव्हीला नाक लागेपर्यंत पुढे कधी गेलो, काही कळलं नाही. "सोडू नको, सोडू नको रे," असं मी ओरडत होतो. माझा पक्ष मी नेमका कधी बदलला, ते आजही सांगता येणार नाही.

मग चेंडू दोन खेळाडूंच्या मधून सुटला. धावायला उभे असलेले आमचे दोघं घरी आले, म्हणजे 'होम' नावाच्या त्यांच्या त्या पांढऱ्या पाटीला पाय लावला. सामना जिंकला. उरलेलेही जिंकले, आणि रविवारी करंडकसुद्धा.

करंडकाच्या दिवशी त्याने मैदानातूनच फोन केला.

"बाबा, डिड यू वॉच?"

"पाहिलं की. सगळं पाहिलं."

"व्हाय इज युअर व्हॉइस गॉन? हू ऑल केम?"

"अरे, घर भरलंय. शेजारचे, ऑफिसातले. बसायला जागा नाही."

"नो वे," तो हसला. मागून कुणीतरी त्याला हाका मारत होतं. "यल्ला बाबा, गॉटा गो."

मी मान वळवून रिकाम्या हॉलला दरडावलं, "जरा हळू रे, मुलाशी बोलतोय." फोन तेव्हा बंद झालेला होता.