चौदा पट चुकलेला काटा

काका वजनकाटे दुरुस्त करतात. बाजारातल्या निम्म्या दुकानांचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेत. आकड्यापुढे ते कुणाचंच ऐकत नाहीत, काकूचं तर नाहीच.

वर्षभर त्यांचा चेहरा पांढराफटक होता, जिभेची आग व्हायची, बोटांना मुंग्या यायच्या. काकू हात धुऊन पाठीस लागली तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले, तेही एकटेच. डॉक्टरांनी रक्तातलं गॅस्ट्रिन तपासलं. पोटाला 'आम्ल तयार कर' असं सांगणारं हे संप्रेरक. ते शंभराच्या आत असायला हवं, काकांचं निघालं चौदाशे. डॉक्टर म्हणाले, याची कारणं दोन-तीन असतात, क्वचित गाठही असते, पुढच्या तपासण्या करू. काकांनी 'गाठ' तेवढं ऐकलं आणि उठून आले.

त्यांच्या धंद्यात काटा दहा-वीस ग्रॅमनं चुकला तर दुरुस्ती, चौदा पट चुकला तर सरळ भंगार. हा शहाणा माणूस स्वतःलाही त्याच हिशेबात धरून बसला. घरात चकार शब्द काढला नाही. नवी कामं घेणं बंद केलं, गिऱ्हाइकांना पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराकडे पाठवू लागले. शेवटी दूधवाल्यानंच काकूला विचारलं, दुकान बंद करताय का म्हणून. काकूनं घर पालथं घातलं. रिपोर्ट वजनांच्या पेटीच्या तळाशी निघाला.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. मलाही नेलं, कारण काका अर्धंच ऐकतात हे आता तिला पक्कं कळलं होतं. नळी घालून पोटातलं आम्ल मोजलं, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. तो आठवडा आम्ही तिघांनी कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक.

"आम्ल जवळजवळ नाहीच," डॉक्टर म्हणाले. "तसली गाठ असती तर उलट भरमसाट असतं. तुमच्या शरीराची संरक्षणयंत्रणा आम्ल बनवणाऱ्या पेशींवरच उलटली आहे. आम्ल येत नाही, म्हणून गॅस्ट्रिन सारखं हाका मारतंय."

त्याच पेशी नसल्यानं बी-बारा जीवनसत्त्व अंगी लागत नव्हतं, म्हणून तो पांढरा चेहरा, जिभेची आग आणि मुंग्या. त्याची इंजेक्शनं कायमची, आणि दर काही वर्षांनी दुर्बिणीची तपासणी. माझा जीव भांड्यात पडला. काकांनी मात्र विचारलं, म्हणजे आकडा बरोबर होता ना? डॉक्टर हसले. आकडा बरोबरच होता, म्हणाले.

बाहेर बाकावर बसून काकू रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, हे किती दिवस मनात ठेवलंत? बावीस, काका म्हणाले. मग मीही बावीस दिवस बोलणार नाही, असं तिनं जाहीर केलं. तिचा अबोला जेमतेम बसथांब्यापर्यंत टिकला.

"पुन्हा असं मला न सांगता मरायला निघालात तर बघा."

"नाही निघणार," काका म्हणाले. आकडा न बघता त्यांनी दिलेला हा पहिलाच शब्द.