बापाला ‘तुम्ही’
नंदुरबारच्या शाळेत गेलो तेव्हा या एका शब्दापायी मी पुष्कळ छड्या खाल्ल्या. मास्तरांना मी ‘तू’ म्हणालो होतो. आमच्या तापीकाठच्या गावात सगळेच ‘तू’. आई तू, बा तू, गावचा पाटीलही तू. मास्तरांनी तळहात सुजेपर्यंत ‘तुम्ही’ शिकवलं आणि ते जिभेवर असं पक्कं बसलं की दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्या आल्या मी बाला विचारलं, तुम्ही जेवलात का?

बाने आजूबाजूला पाहिलं, इथे आणखी कोणी बसलंय का म्हणून. “तुम्ही कोनले म्हनस? आठे मी एकलाच बठेल शे.”

मी हसलो. तो हसला नाही.

त्या दिवसापासून आमचं बोलणं आटलं. कापूस वेचायला आला होता, हात कमी पडत होते, आणि सुट्टीनंतर मला परत पाठवायचं की नाही ते बा ठरवणार होता. मला तर शाळा हवीच होती. शेजारच्या गुजराचा पोरगा, माझा जिवाभावाचा सोबती, आता रोज बाच्या शेजारी गाडीवर पुढे बसायचा. दोघं बैलांबद्दल बोलत, खिदळत. मी मागे, कापसाच्या गाठोड्यांत. तो बाला खुशाल ‘तू’ म्हणायचा आणि मला त्याचा असा राग यायचा की विचारू नका. ती जागा माझी होती.

आई म्हणायची, एकदा तू म्हण ना रे, विरघळेल तो. वा! छड्या मी खाल्ल्या, आणि नमायचंही मीच? पण सुट्टी संपत आली आणि शाळेचं अजून ठरलं नव्हतं. शेवटच्या सकाळी बा ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. मी समोर उभा राहिलो.

“बा, तू मले शाळात जाऊ देशी ना?”

पाठ केलेली कविता म्हणावी तसं ते निघालं. माझ्याच कानाला खोटं लागलं.

बाने मळलेला तंबाखू तसाच खाली झटकून टाकला. त्यापेक्षा चिडला असता तर बरं झालं असतं.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. मग माझ्या सोबत्याला हाक मारून त्याने गाडी जुंपायला सांगितलं. “पाव्हनाले नंदुरबारले सोडी ये.”

शाळा मिळाली मला. गाडी हलली तेव्हा बा ओट्यावरून खाली उतरला आणि पाहुण्याला करतात तसा, दोन्ही हात जोडून, त्याने मला रामराम केला. मीही केला. दुसरं काय करणार होतो?