भिंगरीचा कप्तान

त्याला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लावूनच हा जन्माला आला, असं त्याची आई म्हणायची, आणि तेच नाव पुढं कामावरही येऊन चिकटलं. हा माणूस स्वस्थ बसलेला कोणी पाहिलाच नाही. जेवतानासुद्धा एक पाय हलता. बसथांब्यावर उभा राहिला, की बस येईपर्यंत चालत पुढचा थांबा गाठलेला. काम मात्र देवानं त्याला जोखूनच दिलं होतं. लोकांची घरं हलवायचं. कपाटं, पलंग, फ्रीज एका जिन्यावरून उतरवायचे, ट्रकात भरायचे आणि दुसऱ्या जिन्यावरून चढवायचे.

आता अशा माणसाला कोणी मुकादम करतं का? पण जुन्या मुकादमांच्या गुडघ्यांनीच राजीनामा दिला, आणि मालकानं भिंगरीकडे बोट दाखवलं. घरात आनंदीआनंद झाला. भिंगरीची झोप मात्र उडाली. ओझ्याला तो कधी घाबरला नव्हता, पण माणसांना हुकूम कसा द्यायचा हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. काल ज्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्यांना आज 'उचला' म्हणायचं कसं?

नेमकी त्याच सुमारास टीव्हीवर बोटीची मालिका सुरू झाली. त्यात एक कप्तान होता. पांढरी टोपी, हात पाठीमागे बांधलेले, आवाज कधी चढायचा नाही. वादळ येवो, आग लागो, खलाशी बंड करोत, हा गडी ढिम्म. भिंगरी बघतच राहिला. आपल्यात जे औषधालाही नाही, ते सगळं या माणसात ठासून भरलंय! रोज संध्याकाळी तो खुर्चीमागे उभा राहून मालिका बघायचा आणि कप्तानाचं एकेक वाक्य पाठ करायचा.

"अहो, बसा तरी," बायको म्हणायची. "बोट तो चालवतोय, तुमचे पाय का दुखवताय?"

सुरुवातीला फायदा झाला, हे खोटं कशाला बोलायचं? कप्तान ओरडत नाही म्हणून भिंगरीनं ओरडणं सोडलं. कप्तान खलाशांच्या घरची चौकशी करतो, म्हणून त्यानं एकदा मुक्याला त्याच्या आईची तब्येत विचारली. मुका हा टोळीतला सगळ्यात बडबड्या माणूस, त्याचं तोंड कधी मिटत नसे म्हणून तर हे नाव. पण त्या दिवशी त्याला खरंच बोलता येईना. डोळे पुसत तो ट्रकामागे निघून गेला. भिंगरीला वाटलं, जमलं! हे आपल्याला जमतंय.

आणि माणसाला एकदा जमतंय असं वाटलं, की तो थांबतो थोडाच? कप्तान वल्हं मारत नाही, असं एका भागात आलं. दुसऱ्या दिवसापासून भिंगरीनं ओझं उचलणं बंद केलं आणि हात पाठीमागे बांधले.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जड कपाट जिन्यावरून उतरवताना दोघं वर असतात, दोघं खाली. सगळं वजन खालच्यांवर येतं, म्हणून जिन्यावर हुकूम खालच्याचाच चालतो. तो थांब म्हणाला की मालकानंही थांबायचं. आणि या टोळीत खालची जोडी वर्षानुवर्षं एकच होती, भिंगरी आणि त्याचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधी भिंगरीचं बोट धरून तो या धंद्यात आला होता. दोघांना एकमेकांशी बोलायचीही गरज पडायची नाही. एकाचा श्वास लागला की दुसरा पायरीवर थांबायचा. आता भिंगरी कप्तान झाला, वर मुका आणि ड्रायव्हर राहिले, आणि खाली मेहुणा एकटा.

"दाजी उंटावरून शेळ्या हाकतायत," ड्रायव्हर म्हणायचा. मेहुणा दोर गुंडाळत राहायचा. रोज काम संपल्यावर तो भिंगरीजवळ येऊन उभा राहायचा. पण भिंगरीचं उद्याच्या कामाचं फर्मान चालू असायचं. ते ऐकून मान हलवून तो निघून जायचा.

मग कुणकुण लागली, की मेहुणा दुसऱ्या टोळीत चाललाय. बायकोच्या कानावर ते भिंगरीच्या आधी गेलं. तिनं भाजी चिरता चिरता विळी बाजूला ठेवली.

"त्या टोपीवाल्याच्या पायी माझा भाऊ गेला, तर बघा. मला दुसरा भाऊ नाही."

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोचं सोडा, त्याला स्वतःलाच ते सहन होईना. मेहुण्याशिवाय टोळी म्हणजे काय? घरभर येरझाऱ्या घातल्या. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. आता खरं म्हणजे उठून मेहुण्याचं घर गाठायचं आणि विचारायचं, बाबा रे, काय झालं? चार गल्ल्या तर ओलांडायच्या. पण मालिकेची वेळ झाली होती. आणि त्या दिवशी नेमका एक खलाशी बोट सोडायच्या विचारात. कप्तानानं काय केलं? दोर आवळला. 'सैल दोर आधी तुटतो,' म्हणाला. बस्स! भिंगरीला उत्तर मिळालं. आता टोळीला आणखी कडक वागवायचं, म्हणजे मेहुणा राहील. अकलेचे तारे तोडावेत तरी किती!

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त बाईंचं घर हलवायचं होतं. तिसरा मजला, अरुंद जिना, आणि आरशाचं दार असलेलं सागवानी कपाट. मेहुण्यानं कपाटाभोवती एक फेरी मारली.

"दाजी, हे एकट्यानं खालून नाही झेपायचं. तुम्ही या."

"मी वरून बघतो," भिंगरी शांतपणे म्हणाला. हात पाठीमागे. "उंचावरून लांबचं दिसतं."

बाई दारात उभ्या होत्या. "त्या बोटीच्या मालिकेतलं ना हे? मीही बघते. अहो, त्याची बोट दोनदा बुडाली!"

मुका फिसकन हसला. भिंगरीनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं निमूटपणे पट्टा खांद्यावर घेतला.

पहिलं वळण पार पडलं. दुसऱ्या वळणावर कपाट तिरकं झालं. वरून भिंगरीला दिसत होतं, कठड्याकडे भरपूर जागा आहे. "डावीकडे घ्या आणि सोडा खाली," त्यानं हुकूम दिला.

"थांबा!" खालून मेहुण्याचा आवाज आला. "वर घ्या जरा. पायरी ओली आहे."

वरचे दोघे थबकले. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. जिन्यावर खालच्याचं ऐकायचं, हे भिंगरीनंच मुक्याला शिकवलेलं. पण आज दोर आवळायचा होता ना! दिलेला हुकूम कप्तान परत घेतो काय? आज माघार घेतली, तर उद्या कोण ऐकणार?

"सोडा म्हटलं ना," तो म्हणाला. आवाज न चढवता.

त्यांनी सोडलं. कपाट धाडकन एक पायरी घसरलं, आणि खालून नुसता एक हुंकार आला. मेहुण्याचा खांदा भिंत आणि कपाट यांच्यामध्ये अडकला होता.

"दाजी," तो म्हणाला. किंचाळला नाही. "दाजी, मला धरवत नाही."

गेला कप्तान! कुठं गेला कोण जाणे. भिंगरीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. "धरून ठेवा रे! जीव गेला तरी सोडू नका!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. कपाटानं जिना पूर्ण अडवलेला, खाली जायला वाट नाही. तो कठड्यावर चढला, बाहेरच्या बाजूनं लोंबकळला आणि खालच्या पायऱ्यांवर धपकन पडला. गुडघा फुटला. तसाच उठून मेहुण्याच्या शेजारी घुसला, कपाटाखाली पाठ लावली आणि वजन घेतलं. इथून त्याला काहीच दिसत नव्हतं. फक्त लाकूड, आणि मेहुण्याचा घामानं भिजलेला कान.

"तू सांग," तो धापा टाकत म्हणाला. "तू म्हणशील तसं."

"आधी वर. बोटभर."

"वर! बोटभर!" भिंगरी वरच्यांना ओरडला. खांदा सुटला. मेहुण्यानं हात झाडून पाहिला, हलत होता. मग तो एकेक पायरी सांगत गेला आणि भिंगरी ऐकत गेला. जुनी चाल पुन्हा लागली. एकाचा श्वास लागला की दुसरा थांबायचा. कपाट तळाला टेकलं तेव्हा आरशावर ओरखडाही नव्हता.

मुका आणि ड्रायव्हर कपाट ट्रकात बांधत होते. मेहुणा ट्रकाच्या कडेला बसला. बाईंनी दिलेला बर्फ भिंगरीनं फडक्यात गुंडाळून त्याच्या खांद्यावर धरला.

"चुकलो रे," तो म्हणाला. "गाढव आहे मी. तुला काही झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं? आजपासून मी खाली, तुझ्या शेजारी. कप्तान गेला चुलीत. पण तू जाऊ नको."

मेहुण्यानं खांदा जरा फिरवून पाहिला.

"मी कप्तानामुळं नाही चाललो दाजी. तुमचं ते खूळ उतरलंच असतं आज ना उद्या. ती टोळी मला मुकादम करतेय."

"मुकादम? तुला?" भिंगरीला एकदम हसूच फुटलं, अभिमानाचं. मग ते थांबलं. "अरे, मग मला बोलला का नाहीस?"

"बोलायलाच तर यायचो. रोज काम संपलं की येऊन उभा राहायचो. विचारायचं होतं, जाऊ का, मला झेपेल का. तुम्हीच मला आणलंत या धंद्यात, तुम्हाला नाही विचारणार तर कोणाला?" त्यानं बर्फ दुसऱ्या बाजूला सरकवला. "तुमचं उद्याचं चालू असायचं."

भिंगरीला त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. मान हलवून निघून जाणारी ती पाठ आठवली.

"आणि मी नको म्हणालो असतो तर?"

"तर राहिलो असतो," मेहुणा म्हणाला. "पण काल त्यांना शब्द दिला."

भिंगरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, आणि त्यानं ते पुसलंही नाही. ट्रकातून बघणाऱ्या मुक्यानं तोंड फिरवून बांधलेली गाठ पुन्हा बांधायला घेतली.

"तुला झेपेल," भिंगरी शेवटी म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगलं झेपेल."

मेहुण्यानं मान खाली घातली. "ताईला कोण सांगणार?"

"मी सांगतो," भिंगरी म्हणाला, आणि बर्फ वितळून संपेपर्यंत त्यानं तो खांदा धरून ठेवला.