उलटा मोह

दादाजीभाऊ रंगाचा डबा आधी नाकाशी न्यायचा, मगच कुंचला बुडवायचा. "गेरूले मातीचा वास, काजळीले चुलीचा. डोऱ्याईचं काय काम?" म्हणायचा. आम्ही हसायचो. पेंटरची ऐट, दुसरं काय!

चांदा जिल्ह्यातल्या आमच्या नाटक मंडळीचे सगळे पडदे त्याचेच. मी तेव्हा मिशा काढून नायिका व्हायचो. "तू बाई नाईस, पन माह्या जंगलापुढं उभा राह्यला का बाई दिसतेस," हे त्याचं मला सर्टिफिकेट.

एकदा नागभीडहून गाडी धरून मीच त्याला नागपूरला डोळे दाखवायला नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. परतताना तो म्हणाला, "मंडळीले सांगू नोको. जंगलाचा नवा पडदा मीच करीन. थो बी गेला, तं मी कायचा पेंटर?"

त्यानं खळ्यावर कापड पसरलं. दोन्ही कडांना साग रंगवले. मधला मोहाचा मोठा वृक्ष राहिला, कारण मळणीला खळं लागलं आणि कापड गुंडाळावं लागलं. नंतर त्यानं ते एकट्यानंच पसरलं, चाचपून मधली कोरी जागा शोधली आणि मोह काढला. कुणाला फिरकू दिलं नाही. नारळ फुटल्याशिवाय नवा पडदा बघायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज त्याच्या पथ्यावरच पडला.

मंडईच्या जत्रेत संध्याकाळी नारळ फुटला, गॅसबत्त्या लागल्या, पडदा सुटला आणि लोक खो-खो हसत सुटले. मला वाटलं, माझा पदर ढळला. वळून पाहतो तर काय, मधला मोह डोक्यावर उभा, मुळं आभाळात! दुसऱ्यांदा कापड पसरताना वरची बाजू खाली आली होती.

दादाजीभाऊ विंगेत उभा. "काऊन हासून राह्यले गा?"

मला खोटं सुचेना. सांगून टाकलं.

"साग सुलटे हायेत ना?"

"हो, भाऊ."

"तवा एका डोऱ्यात थोडा उजेड होता," तो म्हणाला आणि भिंत धरत घरी गेला.

पुढच्या साली मंडळीनं दुसरा पेंटर आणला. तो पडदा दादाजीभाऊच्या अंगणात मोहफुलं वाळवायला पडला. त्यावर बसून तो बोटं फिरवायचा. "हा साग. हा बी साग." मधे आलं की हात उचलायचा आणि पलीकडे टेकवायचा. मला फार वाईट वाटायचं. एकदा राहवलं नाही.

"मधात मोह हाये ना गा, भाऊ."

"असन," तो म्हणाला. "थो मी पाह्यला नाई."

पुढची मोहफुलं पडायच्या आत तो गेला.