शनीचा कापूस

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारंजाला एका धाब्यावर चहा पीत होतो. कप तसाच ठेवून पिपरी मेघेला त्याच्या घरी निघालो. पुढचे दिवस रडण्यातच गेले. पण तेरवीनंतर जे कळलं, ते ऐकल्यापासून डोळे कोरडे आहेत... नुसता राग येतो.

विन्या माझा शाळेपासूनचा दोस्त. सिंदीला कापसाची दलाली करायचा आणि घराच्या गच्चीवरून चंद्राचे, ग्रहांचे फोटो काढायचा. दुर्बिणीसाठी त्यानं गच्चीत सिमेंटचा खांबच ओतून घेतला होता. 'शनीच्या मागे लागलाय, एक दिवस शनीच याच्या मागे लागेल,' असंही लोक म्हणायचे. त्याला काडीचा फरक पडला नाही. शनीची कडी सगळ्यांत रुंद दिसत होती त्या वर्षापासून तो दर वर्षी त्याचं चित्रण करत आला. कडी अरुंद होत गेली आणि गेल्या वर्षी पार रेघ झाली. हे सगळे शनी एका ओळीत लावायचे, एवढाच त्याचा ध्यास.

ग्रहाचा फोटो एका क्लिकमध्ये मिळत नाही, हे मला त्यानंच शिकवलं. काही मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. हवेमुळे ग्रह त्यात सारखा थरथरतो. हजारो चित्रांतली स्थिर आलेली तेवढी निवडायची आणि एकावर एक रचायची. मी एकदा म्हणालो, "हे तं सारं धूसर हाय बे."

"कापूस हाय तो, मास्तर. जिनिंगले घालून सरकी काढल्याबिगर रुई दिसते काय?"

सगळ्या वर्षांचं जिनिंग एकदमच करीन, म्हणजे रंग जुळतील, हा त्याचा हट्ट. "यंदा बसतोच," म्हणाला होता...

बसायच्या आधीच गेला. आणि ज्या डिस्कवर इतक्या वर्षांचे व्हिडिओ होते, ती त्याच्या धाकट्या भावानं पुसली! विचारलं तर शांतपणे म्हणतो, "मी खोलून पाह्यलं ना, सर. सारे व्हिडिओ हललेले. तोच ठिपका थरथरून राह्यला. तेरवीच्या शूटिंगले जागा पाहिजे होती, तं केली साफ." हा माणूस जन्मभर विन्याच्याच धंद्यात! सरकी दिसली म्हणून यानं कापूसच पेटवून दिला. डिस्क घेऊन नागपूरला गेलो, काही निघालं नाही. राग विन्याचाही येतो. अरे, घरात कुणाला तरी सांगायचं होतंस, दुसरी प्रत ठेवायची होतीस!

तेरवीचं शूटिंग मलाही पाठवलं त्यांनी. त्यात मी बुंदी खातोय. चित्र एकदम स्वच्छ आहे, जरासुद्धा हललेलं नाही.

तापलेल्या स्लॅबची वाफ उठली की ग्रह जास्तच थरथरतो, म्हणून विन्या संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचा. परवा गेलो तर वहिनी पाणी मारत होत्या. माझं डोकंच फिरलं. "आता कशाले, वहिनी? काय उरलं आता?"

"काही उरलं नाई, भाऊजी. पण तापलेला स्लॅब पाह्यला की हे चिडत."

शनीची कडी आता पुन्हा उघडू लागली आहेत. पूर्ण उघडून परत मिटायला पंधराएक वर्षं लागतील आणि मी सत्तरीला टेकलोय. वहिनींच्या हातातून बादली ओढून घेतली आणि उरलेली गच्ची मीच भिजवली, रागारागानं.