रेतीचे टायर

ते टायर मी मुद्दाम चुकीचे निवडले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात याची वेगळीच हकीकत चालते आणि ती ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

मी डहाणूला शाळेत विज्ञान शिकवतो. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्यांचं घर आहे. बाप तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या गावात एकटा राहतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. खाली भाताची खाचरं आहेत आणि वर उतारावर वरकस, म्हणजे नाचणी-वरईची जमीन. त्या वरकसाच्या एका कडेला बापाने आंब्याची कलमं लावली आहेत. दिवाळी झाली की पाऊस येईपर्यंत त्यांना पाणी वर न्यावं लागतं. ती कलमं म्हणजे त्याचा जीव की प्राण. माझ्या दहावीचा निकाल त्याने दोन दिवसांनी विचारला होता, कलमांची पानं तो रोज मोजतो.

तीन वर्षांपूर्वी राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना तो झाडावरून पडला. भाताचं रोप पेरायच्या आधी वाफ्यावर डहाळ्या-पाला पसरून जमीन भाजतात, तो राब. त्या वयात झाडावर चढायची गरज नव्हती, हे मी त्याला आधी चारदा सांगितलं होतं. उजवा गुडघा तेव्हापासून पुरता वाकत नाही. डॉक्टरांनी चढ-उतार बंद म्हणून सांगितलं आणि मी त्याला डहाणूला आणलं.

तो एक महिना राहिला. आमच्या घराला तो खुराडं म्हणायचा. भाजी बेचव, नळाचं पाणी मचूळ, खिडकीतून दिसते ती दुसऱ्याची खिडकी. संध्याकाळी मी दमून घरी आलो की विचारायचा, "झालं का पोरांवर ओरडून?" माझ्या बायकोशी मात्र गोड बोलायचा, त्यामुळे तिला माझंच चुकतंय असं वाटायचं. एक दिवस मी शाळेत असताना पिशवी उचलून एसटीने निघून गेला. जाताना तिला म्हणाला, मास्तरला सांग, मी मेलो नाय अजून.

मग त्याने गाडी घेतली. बोर्डीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत फिरवणाऱ्या कुणीतरी धंदा गुंडाळला होता, त्याच्याकडची एक एटीव्ही. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, मागे सामान बांधायला जाळी. पायाने टाकायचा गिअर नाही, अंगठ्याने दाबलं की पळते. वाकड्या गुडघ्याच्या माणसाला बरोब्बर सोयीची. डांबरी रस्त्यावर ती चालवायला परवानगी नाही, पण आमच्या घरापासून डोंगरापर्यंत डांबर आहेच कुठे? गावाने तिचं नाव खेकडा ठेवलं. बाप मागे पाण्याचे दोन कॅन बांधायचा आणि धुरळा उडवत वर जायचा. मला हे फोटो पाहून कळलं, चुलतभावाने पाठवलेले. बाप फोटोत हसत होता, आणि त्याचं ते हसणं मला सहन झालं नाही.

वाळूत झिजलेले तिचे टायर पार गुळगुळीत झाले होते. तेव्हा मात्र त्याला माझी आठवण झाली. असले टायर तलासरीत मिळत नाहीत, वापीला मिळतात, आणि डहाणूहून वापीला थेट रेल्वे आहे, म्हणून काम माझ्यावर आलं. फोनवर त्याने हुकूम सोडला. "खालून जाड-बारीक कसंही चालेल. बाजू जाड बघ. आपल्याकडे टायर खालून नाय जात, बाजूने जातो."

तो खरं सांगत होता, हीच तर चीड. आमच्याकडे पेरणी झाली की वाटा काट्यांनी बंद करतात. बाभळीच्या, बोरीच्या फांद्या तोडून बांधावर रचतात, त्याला वई म्हणतात. वईत माणसापुरती फट ठेवतात, ती छिंडी. छिंडीतून जो शेवटचा जाईल त्याने फांदी ओढून ती बंद करायची, हे आमच्याकडे पोराला चालायला लागल्यापासून शिकवतात. भात कापलं की वई मोडतात, पण मोडलेले काटे कुणी उचलून नेत नाही. ते वाटेच्या दोन्ही कडांना वर्षानुवर्षं साचतात. माणूस मधल्या दगडांवरून चालतो. चार चाकांच्या गाडीला मधून चालता येत नाही, तिची चाकं नेमकी कडेने जातात. त्यापुढे चढावर धारदार खडक. काटा बाजूत शिरतो, खडक बाजू कापतो.

मला छिंडी म्हटलं की एकच गोष्ट आठवते. पाचवीत मला बोर्डीच्या वसतिगृहात घालायला नेलं, त्या सकाळी आम्ही खाचरातून निघालो होतो. मला रडू येत होतं. मला शेतात राहायचं होतं, नांगर धरायचा होता. बापाने मला पुढे काढलं, मागून फांदी ओढून छिंडी लावली आणि म्हणाला, "शेतात तुझं काम नाय." पुढे सुट्टीत आलो तरी तेच. विळा हातात घेतला की काढून घ्यायचा. लोक म्हणतात त्याला मला शिकवायचं होतं. असेल. मला ते कधी तसं वाटलं नाही.

वापीला जायच्या आधी मी आठवडाभर वाचन केलं. विज्ञानाचा मास्तर आहे, अर्धवट काम करत नाही. डोंगरवाटेसाठी टायर घ्यायचा तर लोक माप बघतात आणि नक्षी बघून भुलतात. बघायचे असतात ते प्लाय, म्हणजे रबराच्या आत किती थरांची ताकद आहे. दोन थरांचा टायर हलका, मऊ, वाळूवर तरंगतो. खडकाला सहा थरांचा लागतो, बाजूची भिंत बोटाने दाबली तर दबता कामा नये. नक्षीचे ठोकळे फार उंच आणि विरळ असले तर चिखलात उत्तम, पण दगडावर ते लवकर कुरतडले जातात आणि मधल्या मोकळ्या जागेत दगड थेट बसतो. मध्यम उंचीचे, जवळजवळ बसवलेले ठोकळे हवेत, आणि ते थोडे बाजूवरही चढलेले हवेत. एटीव्हीत हवा मुळातच कमी ठेवतात, म्हणून बाजू पातळ असली की दगड आणि लोखंडी रिम यांच्यामध्ये टायर चिमटला जातो. हे सगळं मला पाठ होतं. आजही आहे.

दुकानदाराने दोन्ही जाती समोर ठेवल्या. एक जड, काळाकुट्ट, दिसायला ओबडधोबड. दुसरी हलकी, चकचकीत, किनाऱ्यावर फिरवणारे घेतात ती. मी दुसरीकडे बोट दाखवलं. "कुठे चालवणार?" त्याने विचारलं. मी म्हणालो, डोंगरात. त्याने मान हलवली. "डुंगर माटे आ नहीं चाले," तो म्हणाला, आणि मला गुजराती कळत नसेल असं वाटून मराठीत पुन्हा सांगितलं, "साहेब, हे रेतीचे टायर. डोंगरात एक महिना नाही टिकणार."

एक महिना मला पुरेसा होता.

बायकोसमोर मी याला काळजी म्हटलं असतं. गाडी उलटली तर, एकटा वर पडून राहिला तर, वगैरे. या कारणांत खोटं काही नव्हतं, पण दुकानात उभा असताना माझ्या मनात त्यातलं एकही नव्हतं. मनात होतं ते एवढंच, की टायर फाटतील, पुन्हा फाटतील, तो कंटाळेल, फोन करेल आणि म्हणेल, ने मला डहाणूला. एकदा तरी त्याने हरावं आणि मला हाक मारावी. त्यासाठी मी वापीहून एका ओळखीच्या माणसाच्या पिकअपमध्ये चार रेतीचे टायर घेऊन गावी गेलो.

अंगणात टायर उतरवले तेव्हा तो ओट्यावरून खाली आला. एक टायर उभा केला, बाजूवर अंगठा ठेवून दाबला. अंगठा आत गेला. मग दुसरा दाबला, तिसरा दाबला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बरे हायत."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आणलेल्या वस्तूला बरं म्हणायची त्याची रीत नाही.

मी फोनची वाट पाहू लागलो. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. चुलतभावाकडून कळायचं, आज पंक्चर, परवा पंक्चर, काका स्वतः सुया घेऊन टायरच्या भोकांत रबराच्या चिकट वाती ठासत बसतो. फोन नाही. मी इतका चिडलो होतो की वर्गात पोरांनाही ते कळायला लागलं.

फोन आला तो चुलतभावाचा, मधल्या सुट्टीत. बाप सकाळी पाणी घेऊन वर गेला होता. उतरताना पुढच्या डाव्या टायरची बाजू खडकावर वीतभर फाटली आणि गाडी बांधाला जाऊन अडकली. चालत उतरणं त्याला शक्य नव्हतं. तो बसून उतरला. हाताच्या तळव्यांवर भार टाकून, वाकडा पाय पुढे ठेवून, ढुंगणावर सरकत, काट्यांतून आणि दगडांवरून, सगळा उतार. पायथ्याशी गवत कापणाऱ्या बायकांनी त्याला पाहिलं.

मी अर्धी रजा टाकली. एसटीने तलासरी, तिथून जीप. जीपमध्ये आमच्या बाजूचे दोघे बसले होते. एकाने मला ओळखलं आणि हसायला लागला. "मास्तर, डोंगराला रेतीचे टायर आणलेत म्हणे तुम्ही?" दुसरा म्हणाला, "काका सांगत होते सगळ्यांना. पोरगा शिकलाय खूप, पण टायरमधलं त्याला काय कळतंय?" जीपभर लोक हसले. मी आतून पेटलो. मला कळत नाही? सहा थर आणि दोन थर यातला फरक मी या लोकांना फळ्यावर काढून दाखवला असता. घरी पोचेपर्यंत बाप जखमी आहे हे मी जवळजवळ विसरलो होतो.

तो ओट्यावर बसला होता. तळव्यांना हळद-तेल लावलेलं, नखांत माती, लेंगा मागून फाटलेला. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"गावभर माझी अब्रू काढलीस," मी म्हणालो. "मला टायर कळत नाहीत म्हणून सांगत सुटलायस?"

"मग काय सांगू?" तो शांतपणे म्हणाला.

"खरं काय ते सांग."

"खरं?" त्याने तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले. "टायर दाबला तेव्हाच कळलं मला. एवढं वाचणारा तू. तुला कळलं नाय असं कसं होईल?"

मी विचारलं, कळलं होतं तर बसवलेस कशाला, परत का नाही पाठवलेस.

"परत पाठवले असते तर का पाठवले ते विचारलं असतं लोकांनी," तो म्हणाला. "अडाणी मास्तर चालतो गावाला. बापाला पाडायला बघणारा नाय चालत."

एवढं बोलून तो चुलतभावाच्या बायकोने आणलेला चहा पिऊ लागला. कप त्याला बोटांच्या टोकांनी धरावा लागत होता, कारण तळवे सोललेले होते. त्याने माझ्यावर हात उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. मला लाज वाटली, आणि लाज वाटायला लावल्याबद्दल त्याचा आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मी वापीला गेलो. दुकानदाराने मला ओळखलं आणि न विचारताच जड टायर पुढे ओढले. या वेळी मी त्या ओबडधोबड टायरवर स्वतः अंगठा दाबून पाहिला, चारही टायरवर. गावी बसवताना बाजू इतकी कडक होती की मला आणि चुलतभावाला एकेक टायर रिमवर चढवताना घाम फुटला. बाप ओट्यावरून बघत होता. मदत मागितली नाही, सूचना मात्र देत होता.

आता तो पुन्हा वर जातो. दोन उन्हाळे झाले, एक काटा आत शिरलेला नाही. कलमं कमरेइतकी झाली आहेत. डहाणूला यायचं नाव तो काढत नाही आणि मीही आता विचारत नाही. आमचं भांडण थांबलेलं नाही. घर अजून खुराडंच आहे, आणि फोनवर पाच मिनिटांच्या वर आम्ही नीट बोललो असं झालेलं नाही.

गावात मात्र माझं नाव कायमचं पडलं. तलासरीच्या जीपस्टँडवर मला रेतीवाला मास्तर म्हणतात. गेल्या महिन्यात चुलतभाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टायर घ्यायला निघाला होता. ओट्यावर पाचसहा माणसं बसली होती, बापही होता. कुणीतरी म्हणालं, "मास्तरला विचारून घे रे," आणि सगळे हसले. बाप हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"मला नका विचारू," मी म्हणालो. "मला टायरमधलं काही कळत नाही."