बरणीवर शतावरी लिहिलं होतं

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पुस्तकात रजोनिवृत्तीवर चार ओळी आल्या की मी वर्गाला म्हणतो, "हे घरी वाचून या," आणि पान उलटतो. इतक्या वर्षांत एकाही पोरानं त्यावर प्रश्न विचारला नाही. याचं मला समाधानच वाटत आलं होतं.

बायकोला एकोणपन्नासावं लागलं आणि तिचा त्रास माझ्या नजरेत यायला लागला. पोळ्या लाटता लाटता ती एकदम लाल व्हायची, पदरानं मान पुसायची आणि गॅस बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहायची. ऐन थंडीत पंखा पाचवर. मी स्वेटर घालून झोपायचो. एकदा विचारलं, "ताप आहे का?"

"ताप नाही. वय आहे," ती म्हणाली.

या विषयावरचं आमचं बोलणं एवढंच. डॉक्टरकडं जाऊ असं मी म्हटलं नाही, कारण तिथं मला तोंड उघडावं लागलं असतं. माझी आई या वयात दुधातून शतावरी घ्यायची, हे मला आठवलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गुलमंडीत गेलो. तिथं जडीबुटीचं एक जुनं दुकान आहे. सत्तरीचे चाचा गल्ल्यावर बसतात.

"बोलो सर, क्या होना?"

मी शतावरी म्हणणारच होतो. तेवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील शेजारी येऊन उभे राहिले. "नमस्कार सर. हिकडं कुणीकडं?"

"किसके वास्ते होना?" चाचांनी विचारलं.

"माझ्यासाठीच," मी म्हणालो.

"तकलीफ क्या है?"

आता मागं फिरता येत नव्हतं. बायकोचा सगळा त्रास मी माझा म्हणून सांगितला. एकदम अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, सांधे दुखतात, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड होते.

चाचांनी मला नीट न्याहाळलं. "उमर?"

"बावन्न."

"और घर में सब ठीक?"

मी ठीक म्हणालो. मुलीचे वडील मान वळवून हिरड्याच्या पोत्याकडं बघायला लागले. "होतं सर," ते हळूच म्हणाले. "टेन्शन लई घेता तुम्ही लोक."

चाचांनी दिलेल्या पाकिटावर उधळलेला घोडा होता आणि खाली 'फक्त पुरुषांसाठी' असं छापलेलं होतं. अश्वगंधा, मुसळी, गोखरू वगैरे. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणता आलं असतं. मी ते चूर्ण कॉफीच्या रिकाम्या बरणीत ओतलं, वर कागदाची पट्टी चिकटवली आणि ठळक अक्षरांत 'शतावरी' लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. घोडा सोमवारी शाळेच्या कचराकुंडीत टाकला. मुळं ती मुळं, झाडपाला सगळा सारखाच, अशी मी स्वतःची समजूत घातली. विज्ञानाच्या शिक्षकानं घातली.

बायकोनं बरणी हातात घेऊन पट्टीवरचं नाव वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या लक्षात आलं होतं तर." संध्याकाळी ती बहिणीला फोनवर सांगत होती, "स्वतःहून गुलमंडीत जाऊन आणलं यांनी." मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

ती कित्येक वर्षांपासून थायरॉईडची गोळी घेते. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि नाश्त्यानंतर दुधातून चूर्ण, असं सुरू झालं. पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात तिचे हात कापायला लागले. एका संध्याकाळी ती मला आमच्या जिन्यात बसलेली सापडली, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन.

"पळत आल्यासारखी छाती धडधडतीय," ती म्हणाली. "आणि मी तर हळूहळूच आले. मलाच काही सोसत नाही बघा. तुम्ही एवढं आणून देता."

मी पिशवी वर नेली. तेवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंकडं गेलो. रक्त दिलं, ईसीजीची पट्टी काढली. रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो तेव्हा थायरॉईड वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळीशिवाय दुसरं काही घेता?"

"शतावरी. यांनी आणलीय," बायको कौतुकानं म्हणाली आणि पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी बरणीवरचं नाव वाचलं. "शतावरीनं असं व्हायला नको. थायरॉईडची गोळी कमी करू, धडधडीसाठी एक सुरू करू, आणि हृदयाची पुढची तपासणी करून घ्या." त्या लिहायला लागल्या. दुसरी ओळ पूर्ण होईपर्यंत मी गप्प होतो. हे मुद्दाम सांगतो.

"ती शतावरी नाही," मी म्हणालो.

"मग काय आहे?"

मी सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं लागलं. आत येणारी नर्स दारातच थांबली.

"अश्वगंधा आहे त्यात?"

"सगळ्यात वर तेच लिहिलं होतं."

"थायरॉईडची गोळी चालू असताना ती न विचारता घ्यायची नसते. थायरॉईड वाढू शकतं." त्यांनी लिहिलेल्या ओळी खोडल्या. "हे आजपासून बंद. महिन्यानं पुन्हा रक्त तपासू. शतावरीसुद्धा मला विचारून. आणि मूळ त्रासावर उपाय आहेत हो, पण त्रास काय आहे ते कुणीतरी येऊन सांगावं लागतं."

बायको माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे मी पुरुषांचं औषध घेत होते."

"हो."

"आणि तुम्ही रोज बघत होतात."

"हो."

त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलली. धडधड हळूहळू थांबली. महिन्यानं रिपोर्ट चांगला आला. तो दाखवायला गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा." मी बाहेर बसलो. ती अर्ध्या तासानं आली.

स्कूटरवरून घरी निघालो. छावणी ओलांडल्यावर मी विचारलं, "काय काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला माहीत नाही म्हणून विचारतोय."

तिनं मागून माझ्या हेल्मेटवर टकटक केलं. मग म्हणाली, "हेल्मेट काढा. मग सांगते."

हेल्मेट काढून गाडी चालवणं चूक आहे, तेही इथं कबूल करतो. तिनं दोन वर्षांपूर्वीपासून सुरुवात केली. आमचं पडेगाव आलं तेव्हा ती पहिल्या वर्षातच होती. मी घराकडं वळलो नाही. दौलताबादच्या रस्त्यानं सरळ पुढं जात राहिलो, आणि तिनंही थांबा म्हटलं नाही.